क्लासचं सामान विकताना: पार्सल करायचं की समक्ष द्यायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सांगलीत विश्रामबागला तुमच्या आईंचा गाण्याचा क्लास होता, तो आता बंद केलाय आणि सामान विकायचंय. मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी, एक स्केलचेंजर हार्मोनियम (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी), तबला-डग्गा, ६१ कीचा कीबोर्ड, आणि वार्षिक कार्यक्रमाला वापरायचे दोन पॉवर्ड स्पीकर अन् छोटा मिक्सर. तानपुऱ्यांना गिऱ्हाईक नागपूरचं आहे, हार्मोनियमला पुण्याचं, स्पीकर-मिक्सर साताऱ्याचे एक जण मागतायत, कीबोर्ड आणि तबल्यासाठी बाहेरगावचे बरेच मेसेज आलेत, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "पार्सल करा, खर्च आम्ही देतो." तुम्ही विचारताय की सगळं पार्सल करून मोकळं व्हावं का प्रत्येकाला येऊन घेऊन जा म्हणावं.

सगळ्याला मिळून एक उत्तर नाहीये. मी मिरजेत वाद्यं दुरुस्त करतो आणि जुन्या वाद्यांची देवघेव रोज बघतो, त्यात लोक काय करतात तर अंतर बघून ठरवतात, लांबचा असेल तर पार्सल आणि जवळचा असेल तर समक्ष. माझ्या मते अंतर नंतर बघावं, आधी हे बघावं की त्या वस्तूचा चांगलेपणा नेमका कशात आहे, आणि तिकडं पोचल्यावर तो परत उभा करणारा माणूस तिथं आहे का. कीबोर्ड पेटीतून काढला, अडॅप्टर लावला, की तो इथं वाजत होता तसाच तिथं वाजतो, नाही वाजला तर बिघडलाय हे दोघांनाही लगेच कळतं. तानपुऱ्याचं तसं नसतं. तुमच्या घरी जो तानपुरा गुंजतोय तो घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात ती) जवारीमुळं, म्हणजे घोडीचा माथा घासून आणलेल्या उतारामुळं, तारेखाली घातलेल्या सुताच्या नेमक्या जागेमुळं, तारांच्या ताणामुळं गुंजतोय, आणि हे सगळं प्रवासात हलतंच हलतं, पॅकिंग कितीही चांगलं करा. मग नागपूरला पेटी उघडली, तारा चढवल्या, आणि आवाज आला कोरडा ठणठण, तर त्या माणसाला वाटणार आपल्याला फसवलं, आणि तुम्हाला वाटणार की वाद्य तर उत्तम दिलं होतं. दोघंही खरं बोलत असतात आणि भांडण मात्र होतं.

म्हणून माझी विभागणी अशी: तानपुरे आणि हार्मोनियम शक्यतो समक्षच द्या, कीबोर्ड, मिक्सर आणि तबला खुशाल पार्सल करा, स्पीकरचं वेगळं आहे, ते खाली सांगतो.

तानपुऱ्यांपासून सुरू करू कारण त्यात पैसा जास्त आणि धोकाही जास्त. पहिली गोष्ट, जोडी फोडू नका. एकच पाहिजे म्हणणारे भेटतील, पण एका लाकडाची, एका हाताची, एकमेकाला मिळून वाजणारी जोडी परत जमत नाही, आणि उरलेल्या एकट्या तानपुऱ्याला मग भाव येत नाही. नागपूरवाले जोडी घेतायत तर त्यांना थोडं सांभाळून घ्या.

आता त्यांना काय सांगायचं. त्यांना म्हणा, कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरजेवरून जाते आणि पुण्यावरून थेट नागपूरला पोचते, गाडी बदलायची भानगड नाही. या, एक दिवस थांबा, वाद्य वाजवून बघा, आणि मिरजेतच सतारमेकर गल्लीत तुमच्या समोर जवारी लावून घ्या. हा मुद्दा कुठल्याही गाणाऱ्या माणसाला पटतो, कारण तानपुऱ्याचा पट्टीप्रमाणं, म्हणजे गाणाऱ्याच्या मूळ सुराप्रमाणं, आवाज लावून घ्यायला देशभरातून लोक मिरजेत येतातच, दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी संगीत सभा होते त्या दिवसांत तर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आईंची पट्टी काळी पाच असेल, तिकडं गाणारा पुरुष असेल तर त्याला पांढरी एक नाहीतर काळी एक पाहिजे, म्हणजे तारांचे गेज बदलायचे, जवारी बदलायची, हे काम त्याला तसंही करून घ्यायचंच आहे. नागपुरात बसून फोनवर सांगून ते होत नाही. आणि येणाऱ्या माणसाला किमतीत सूट द्या, मनापासून द्या, कारण लाकडी पेटी, भाडं, हमाली आणि तुमची झोप हे सगळं वाचतंय.

ते येऊच शकत नसतील तर मधला मार्ग आहे. त्यांच्या ओळखीचं मिरज-सांगली-कोल्हापुरात कोणीतरी गाणारं-वाजवणारं असतंच, त्या माणसाला तुमच्या घरी पाठवू दे, तो वाजवून बघेल, व्हिडिओ कॉलवर तिकडं ऐकवेल, आणि "ठीक आहे" म्हणेल. पसंतीचा प्रश्न तिथं संपला, मग पुढं फक्त वाहतुकीचा प्रश्न उरतो. या दोन गोष्टी वेगळ्या करणं फार महत्त्वाचं आहे. भांडणं होतात ती पसंती आणि मोडतोड एकात एक मिसळली की.

तरीही पाठवायचाच झाला तर कुरिअरचा भाव आधी नीट समजून घ्या. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. तानपुऱ्याची पेटी १५० बाय ५५ बाय ५० धरा, गुणाकार येतो ४,१२,५००, भागिले ५००० म्हणजे साडेब्याऐंशी किलो. पेटीसकट खरं वजन पंचवीस किलोच्या आत असतं आणि तुम्ही पैसे भरता साडेब्याऐंशी किलोचे, तेही दोन पेट्यांचे. म्हणून हवाई कुरिअर विसरा, ट्रान्सपोर्ट नाहीतर रेल्वे पार्सल बघा.

पेटी सुताराकडून करून घ्या, प्लायची, आतून कोपऱ्यांना पट्ट्या मारून. पुठ्ठ्याच्या खोक्यात तानपुरा पाठवू नका, भोपळ्यावर एक बॅग पडली की चीर जाते आणि चीर गेलेला भोपळा चिकटवता येतो पण तो आवाज परत येत नाही. आता पॅकिंग. तारा उतरवायच्या, पण खुंट्यांवरून काढायच्या नाहीत, सैल सोडायच्या. घोडी तारांच्या दाबानंच बसलेली असते, तारा सैल झाल्या की ती मोकळी होते, ती तशीच राहिली तर आडवी होऊन तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) आपटते आणि तबलीला खड्डा पाडते किंवा चीर देते. म्हणून घोडी काढा, पण काढायच्या आधी तिच्या चारही बाजूंना तबलीवर मास्किंग टेप लावून जागा नक्की करून ठेवा, पेन्सिलनं पॉलिशवर रेघ मारू नका, आणि वरून मोबाईलनं सरळ फोटो घ्या. घोडी मऊ कपड्यात गुंडाळून छोट्या डबीत, डबी पेटीत कडेला, डबीवर कुठला तानपुरा ते लिहून, जोडी असल्यामुळं घोड्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही जवाऱ्या गेल्या. मणी, सूत त्याच डबीत. खुंट्यांना चिठ्ठी लावा कुठली कुठल्या भोकातली, कारण प्रत्येक खुंटी आपापल्या भोकात घासून बसवलेली असते.

भोपळा पेटीच्या कुठल्याही भिंतीला टेकता कामा नये. खाली आणि बाजूंनी जाड फोम, फोममध्ये भोपळ्याच्या गोलाईची वाटी कापायची, आणि दांडीला दोन ठिकाणी आधार द्यायचा, एक गळ्याच्या लगेच वर आणि एक खुंट्यांच्या खाली. मोडतात ते जास्त करून गळ्यालाच, कारण भोपळा घट्ट बसवलेला असतो आणि दांडी मोकळी, पेटी आपटली की सगळा जोर जोडावर येतो. पेटी बंद करून उचलून हलवून बघा, आत काहीही हललेलं ऐकू आलं तर परत उघडा.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. आईंचे तानपुरे जुने असतील तर नक्षीत किंवा घोडीत हस्तिदंत आहे का, घोडी सांबरशिंगाची आहे का ते एखाद्या कारागिराला दाखवून घ्या. आताच्या घोड्या उंटाच्या हाडाच्या, शिसवी नाहीतर प्लास्टिकच्या असतात, पण जुन्या वाद्यात हे सापडतं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याची विक्री करता येत नाही, वाद्याचा भाग असला तरी. हे विकायच्या आधीच बघा, गिऱ्हाईक दारात आल्यावर नको. आणि कोणी जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) सर्टिफिकेट मागितलं तर सरळ सांगा की मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय २०२४ मध्ये मिळालंय, आपलं वाद्य त्याच्या आधीचं आहे, आतल्या बाजूला कारागिराचं लेबल असेल तर त्याचा फोटो द्या, जाणकाराला तेवढं बास होतं.

हार्मोनियमकडं येतो. पुणं काय लांब नाही, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, हायवे चांगला, सकाळी निघून संध्याकाळी परत जाता येतं, त्यामुळं पुण्याच्या माणसानं यायला हवं, आणि तो अगदीच नाही म्हणाला तर कराडला मध्ये भेटा. स्केलचेंजर पेटी पार्सलनं पाठवायला मी सहसा नाही म्हणतो. साध्या पेटीपेक्षा तिच्यात सरकणारे भाग जास्त, पट्ट्यांचा अख्खा संच इकडून तिकडं जातो, धक्का बसला की तो आपल्या जागेवरून अर्धा केस सरकतो आणि मग दोन-दोन सूर एकदम बोलतात, नाहीतर कपलरच्या (एका पट्टीबरोबर दुसरी दाबणाऱ्या जोडणीच्या) तारा वाकतात. हे दुरुस्त होतं, पण उघडून बसावं लागतं, आणि घेणाऱ्याच्या गावात तो माणूस असेलच असं नाही.

समक्ष देताना त्याला पेटी कशी बघायची ते तुम्हीच दाखवा, म्हणजे विश्वास बसतो. भाता पूर्ण भरा, सगळे खटके (हवा सोडणारे पुढचे दट्टे) बंद, एकही पट्टी दाबायची नाही, आणि हात सोडून द्या. भाता हळूहळू बसायला पाहिजे, दोन-चार सेकंदात बसला तर हवा गळतीय. मग एक खटका उघडून पट्टी न दाबता हवा द्या, कुठला सूर आपोआप बोलतोय का बघा. मग एकेक पट्टी, खालपासून वरपर्यंत, बासचे (खर्जाचे) सूर वेगळे, मेलचे (त्यावरचे) वेगळे, प्रत्येक स्केलला थांबून. कुठली पट्टी दाबल्यावर परत यायला उशीर करतीय, कुठला सूर उशिरा बोलतोय, हे त्याच्या समोर त्याच्याबरोबर बघा आणि जे दोष निघतील ते बोलून टाका, किंमत तिथंच नक्की होते. तुमच्या आईंनी रीड (सूर काढणाऱ्या धातूच्या जिभा) कुठले ते माहीत करून घेतले असतील, पालिताण्याचे असतील तर आवर्जून सांगा, घेणारा विचारणारच.

पाठवावीच लागली तर स्केल मधल्या जागेवर आणून लॉक करा, पट्ट्यांवर मऊ कापडाची घडी घालून वरचं झाकण बसवा म्हणजे पट्ट्या उडणार नाहीत, भाता बंद करून कडी लावा आणि वरून कापडी पट्टा आवळा. आणि कृपा करून थर्माकोलचे दाणे, भुसा, गवत असलं काही जवळ येऊ देऊ नका. रीडची जीभ आणि तिच्या खाचेत कागदाएवढी फट असते, थर्माकोलचा एक कण तिथं गेला की सूर बंद. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडं एक पेटी आली, कोणीतरी रात्रीच्या गाडीच्या डिकीत टाकून पाठवलेली, खोकं खालून ओलं, भात्याचा पुठ्ठा सुटलेला, आणि आत अख्ख्या रीडबोर्डावर पांढरे दाणे चिकटलेले. ब्रशनं एकेक काढत बसलो, भाता नवा घातला, आणि घेणाऱ्याचा खर्च इतका झाला की त्याला तेवढ्यात दुसरी बरी पेटी मिळाली असती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हार्मोनियम पाठवायचीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे, घाईच असेल तर पेटी आधी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करून मग खोक्यात.

कीबोर्ड पार्सल करा, काही हरकत नाही. मूळ खोकं माळ्यावर असेल तर सोन्यासारखं, त्यातले साचे त्याच मापाचे असतात. नसेल तर पट्ट्यांच्या बाजूवर जाड फोमची एकसंध पट्टी ठेवा, बबलरॅपचे फुगे पट्ट्यांवर थेट नकोत, दाबले गेले की पट्ट्या खाली दबून राहतात. पिचबेंडचं चाक आणि मोठे नॉब आधी वाचवायचे, पाठीमागं लागलेले जॅक काढून टाकायचे. १०५ बाय ४५ बाय २० चं खोकं धरलं तर आकारमानाचं वजन जवळजवळ १९ किलो येतं, खरं वजन सात-आठ, त्यामुळं खोकं उगाच मोठं घेऊ नका पण फोमसाठी सगळ्या बाजूंनी दोन इंच सोडा.

तबला-डग्गा तर पाठवायला सगळ्यात सोपं. फक्त दोन्ही एकमेकाला लागू देऊ नका, डग्ग्याची कड तबल्याच्या खोडावर आपटली की खोडाला खोक पडते. शाईवर (पुडीवरच्या काळ्या गोलावर) गोल कापलेला जाड फेल्ट ठेवून वर पुठ्ठ्याची चकती, गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) थोडे वर घेऊन पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, ताण जरा कमी करायचा, पूर्ण सैल नाही करायचा नाहीतर वादी (पुडी ओढून धरणारी कातडी दोरी) ढिली पडून पुडी फिरते. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, ओल्या हवेनं शाई सुटते. इंडव्या (वाद्यांखाली ठेवायच्या गोल गाद्या) दुसऱ्या पिशवीत, त्या विसरतात लोक आणि मग घेणारा फोन करतो.

आता स्पीकर. साताऱ्याच्या माणसाला तुम्ही "येऊन घेऊन जा" म्हणा, आणि यात लाजायचं काही कारण नाही. एक तर वजन, पंधरा इंची पॉवर्ड स्पीकर वीस किलोच्या आसपास, हमाल तो ठेवत नाही, टाकतो. मोठ्या स्पीकरच्या मागं फेराइटचं जड मॅग्नेट चिकटवलेलं असतं, बॉक्स कोपऱ्यावर पडला की ते मॅग्नेट किंचित सरकतं आणि कॉइल घासायला लागते, बाहेरून एक ओरखडा दिसत नाही पण वाजवल्यावर खरखर येते. आतल्या अँपचा ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, सगळं जड आणि चार स्क्रूवर. दुसरं आणि आपल्या भागात फार महत्त्वाचं कारण, पूर. सांगलीचा माल म्हटलं की घेणारा २०१९ आणि २०२१ आठवतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही, पुरात बुडालेले स्पीकर, मिक्सर पुसून पॉलिश करून विकायला आलेले मीही बघितलेत. तुमच्या घरात पाणी आलं नव्हतं हे तुम्ही कितीही लिहिलं तरी त्याला डोळ्यांनी बघायचंय. त्याला मागचं पॅनेल उघडून दाखवा, स्क्रूला गंज नाही, एक्सएलआरच्या सॉकेटमध्ये गाळ नाही, कॅबिनेट खालच्या कडेला फुगलेलं नाही, हे समक्ष पाच मिनिटांत होतं आणि फोटोंवर आठवडाभर चालतं. मग हळू आवाजात, मग मोठ्या आवाजात, एक भजन, एक नुसता बास असलेलं गाणं, आणि दोन्ही स्पीकर आळीपाळीनं. मिक्सरचे सगळे फेडर खालीवर करून खरखर ऐकवा, ती असतेच जुन्या मिक्सरला, आधीच सांगितली तर गिऱ्हाईक ती मान्य करतं.

मिक्सर वेगळा विकायचा झाला तर पार्सल चालतो, नॉबवर कधीही वजन येऊ न देता. बॅटरीवाला ट्रॉली स्पीकर कोणाकडं असेल तर त्यात लिथियम बॅटरी आहे का बघा, असेल तर हवाई मार्गानं पाठवू नका, अडवतात, रोडनंच पाठवा आणि बुकिंगला खरं सांगा.

वाहतुकीबद्दल चार शब्द. पार्टलोडचा (अनेकांचा एकत्र जाणारा) माल सांगलीत चढतो, पुण्यात किंवा आणखी कुठं उतरतो, परत दुसऱ्या गाडीत चढतो, प्रत्येक उतरवण्यात एक आपट धरा. म्हणून शक्य तिथं एकदाच चढून एकदाच उतरेल असा मार्ग घ्या, सांगली-पुणे थेट रात्रीची ट्रॅव्हल्स असते तशी, आणि घेणारा तिकडं स्वतः उतरवून घ्यायला हजर पाहिजे. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) हातात आली की ती वाचा. "ओनर्स रिस्क" लिहिलेलं असतं तेव्हा मोडतोड झाली तर तुम्हाला फार काही मिळत नाही. किंमत जाहीर करा, जादा पैसे भरून कॅरियर्स रिस्क (जबाबदारी वाहतूकदाराची) किंवा ट्रान्झिट इन्शुरन्स मिळतोय का विचारा, आणि घेतलात तर वाद्याच्या किमतीचा काहीतरी कागद ठेवा, जुन्या मालाच्या दाव्यात पहिला प्रश्न तोच येतो. रस्त्यानं गेलेल्या मालाचं नुकसान झालं तर २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याप्रमाणं बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, फोनवर भांडून वेळ घालवू नका. रेल्वेतही किंमत जाहीर केली नाही तर भरपाई वजनावर ठरते, आणि तानपुऱ्याचं वजन किती असतं ते आपण वर बघितलं.

कुठलंही पार्सल असो, व्हिडिओ एकाच सलग टेकमध्ये काढायचा. सिरीयल नंबर दाखवा, वाजवून दाखवा, पॅक करा, टेप मारा, वर बिल्टीचा नंबर लिहा, मध्ये कट नको. इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या मागच्या दोन-तीन स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावून त्याचा फोटो ठेवा, कोणी आतला भाग बदलून "असाच आला" म्हणून परत पाठवला तर ठिपका तुटलेला दिसतो. घेणाऱ्यालाही आधीच लिहून सांगा की उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकणार नाही, आणि किती दिवसांत सांगायचं तेही.

पैशाबद्दल मी कडक आहे आणि तुम्हीही राहा. पार्सल असेल तर पूर्ण पैसे आधी, खात्यात आलेले स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघून, समोरच्याचा स्क्रीनशॉट किंवा मेसेज बघून नाही. सगळे आधी द्यायला तो कचरला तर थोडे टोकन, मग व्हिडिओ कॉलवर त्याच्या समोर पॅकिंग, मग उरलेले, आणि मग बुकिंग. कॅश ऑन डिलिव्हरी नाही. कोणी म्हणालं "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे तुमच्याकडं येतील", मग तो स्वतःला मिलिटरीतला साहेब म्हणवू दे नाहीतर आणखी कोणी, तिथंच नंबर ब्लॉक करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला. आईंच्या फोनवर हे मेसेज येत असतील तर त्यांना हे आज संध्याकाळीच सांगा. काही झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, जितक्या लवकर तितकं बरं.

समक्ष बोलावताना आई एकट्या असताना कोणाला बोलवू नका, दिवसा, शेजारचं कोणीतरी सोबत, आणि जे विकायचंय तेवढंच हॉलमध्ये आणून ठेवा, सगळं घर दाखवायची गरज नाही. "रविवारी नक्की येतो" म्हणून न येणारे खूप असतात, त्यांच्यासाठी टोकन घ्या आणि तारीख ठरवा, तारीख गेली की दुसऱ्याला देणार हे आधी बोला. व्यवहार झाला की साध्या कागदावर दोन प्रती करा, वस्तूचं नाव, सिरीयल नंबर, किंमत, "तपासून, वाजवून, आहे त्या स्थितीत घेतलं" एवढं वाक्य, दोघांच्या सह्या. साताऱ्याच्या माणसाला रस्त्यात कोणी विचारलं की हे स्पीकर कुठले, तर त्यालाही तो कागद कामाला येतो. ट्रान्सपोर्टवालेही असंच डिक्लरेशन मागतात. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून (माल नेताना जीएसटीखाली लागणाऱ्या ऑनलाइन परवान्यातून) सूट आहे, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तशीही एक लाखाच्या खाली त्याची गरज पडत नाही, पण बुकिंगच्या खिडकीवर वाद घालण्यापेक्षा आधारची झेरॉक्स आणि जुनं वापरलेलं वाद्य असल्याचं सहीनिशी पत्र सोबत न्या.

तुमच्या क्रमाबद्दल एकच सुचवतो. आधी साताऱ्याचे स्पीकर-मिक्सर देऊन टाका, ते सोपं आहे आणि जागा मोकळी होईल. मग कीबोर्ड, तबला पार्सलनं. पुण्याच्या माणसाला तारीख द्या. तानपुऱ्यांची घाई अजिबात करू नका, नागपूरवाले येईपर्यंत तारा थोड्या उतरवून, गवसणीत (कापडी खोळीत), भिंतीपासून लांब उभे ठेवा, ओल धरेल अशा खोलीत नको. त्यांचं यायचं ठरलं की मला दोन-चार दिवस आधी कळवा, जवारीला कारागिराची वेळ आधी घ्यावी लागते, सणावाराच्या आणि उरुसाच्या दिवसांत तो मिळत नाही.